भाषाशास्त्राची पदवी आणि कामाचं नाव

२०२२च्या पावसाळ्यात, एम.ए.चा निकाल लागून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी नाशिकमधल्या एका रोजगार मेळाव्याला गेले होते. टेबलावर अर्ज दिला. नाव, पत्ता, प्रवर्ग, मग शिक्षणाचा रकाना. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी, आयटीआय, फार्मसी आणि शेवटी 'इतर'. मी 'इतर'वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात 'एम.ए. भाषाशास्त्र' लिहिलं.

टेबलामागच्या ताईंनी ते वाचलं. "म्हणजे मराठी ना?"

"नाही, लिंग्विस्टिक्स."

"मग कोणती भाषा?"

मी म्हणाले, एक अशी कुठलीच नाही, भाषा चालते कशी ते शिकवतात. त्या ताई मनाने चांगल्या होत्या. मागे रांग असतानाही त्यांनी थांबून विचार केला आणि एका कॉल सेंटरच्या स्टॉलकडे बोट दाखवलं. "तिकडं जा बरं. तिथं बोलणारे लागतात."

त्या दिवसापासून पहिलं बरं काम हातात येईपर्यंत अकरा महिने गेले. मधल्या काळात काय काय केलं ते इथे लिहिते आहे. नाशिक, मालेगाव, निफाड, कळवणकडची मुलंमुली आजही मला विचारतात, भाषाशास्त्र शिकून काम कुठे मिळतं, आणि मला त्या वेळी हे सांगणारं जवळपास कोणी नव्हतं.

आमचं घर सातपूर कॉलनीत. पप्पा अंबडच्या एमआयडीसीत टर्नर, आईचं माहेर बागलाणात नामपूरजवळ. बी.ए. नाशिकलाच इंग्रजी घेऊन केलं. तिसऱ्या वर्षी भाषाशास्त्राची तोंडओळख करून देणारा एक पेपर होता. त्यात मराठी 'च'चे दोन उच्चार आहेत असं मॅडमनी फळ्यावर लिहून दाखवलं, 'चहा'तला वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. वीस वर्षं मी हे दोन्ही उच्चार बिनचूक करत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्या एका तासामुळे मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजला अर्ज केला. पहिलं वर्ष कोविडमुळे सातपूरच्या खोलीत मोबाइलवर गेलं, दुसऱ्या वर्षी येरवड्याचा तो दगडी परिसर पाहायला मिळाला. १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत महाकोशाचं काम तिथे अजून चालू आहे. शब्द कुठल्या ग्रंथात कुठल्या अर्थाने आला याच्या चिठ्ठ्यांनी कपाटंच्या कपाटं भरली आहेत. एका शब्दासाठी माणसं इतकं थांबतात हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

निकालानंतर नाशिकला परतले, आणि कपाटंही मागे राहिली, शिक्षकही.

पहिले तीन-चार महिने मी चुकीच्या पद्धतीने शोधलं. नोकरीच्या प्रत्येक साइटवर 'लिंग्विस्टिक्स' किंवा 'भाषाशास्त्र' टाकायचे. यायचं काय, तर इंग्रजी बोलायला शिकवणारे क्लास, परदेशी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या जागा, नाहीतर जर्मन-जपानी येणाऱ्यांसाठी कॉल सेंटर. 'लिंग्विस्ट लिस्ट'वर रोज जाहिराती वाचायचे. ती जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांची जुनी जागा आहे, पण बहुतेक कामांना पीएच.डी. लागायची, नाहीतर युरोप-अमेरिकेत राहायला लागायचं. संध्याकाळी पप्पा कामावरून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आज काही आलं का गं?" आवाजात रागाचा लवलेश नसायचा, पण "नाही पप्पा" म्हणणं दिवसेंदिवस जड जात होतं.

याच काळात एका कंपनीने लिप्यंतराच्या, म्हणजे ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं लिहून काढायच्या कामासाठी 'चाचणी' म्हणून चाळीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं. तीन शेतकऱ्यांचं बोलणं होतं, मागे ट्रॅक्टर, दोघं एकदम बोलणारे. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगते, नवख्या माणसाला असल्या एका मिनिटाला आठ-दहा मिनिटं सहज लागतात. शब्द ओळखायचा, वेळेची खूण घालायची, 'अं', 'हां', अर्धवट तुटलेले शब्द सगळं ठेवायचं, कोण बोलतंय ते लिहायचं. मी दोन दिवस बसून ते पूर्ण केलं, पाठवलं. उत्तर आलं नाही. चार वेळा विचारलं, तरी नाही. चाळीस मिनिटं ही चाचणी नसते, ते काम असतं, हे मला नंतर कळलं. आता मी स्वतः कुणाची चाचणी घेते तेव्हा तीन मिनिटांच्या वर ध्वनिमुद्रण देत नाही. तुमच्याकडून कोणी अर्ध्या तासाहून जास्त फुकट काम मागितलं, तर मोबदला काय असं आधी विचारा. विचारल्यामुळे काम गेलं तर जाऊ द्या.

काही दारं का बंद आहेत हेही मी एकेक करून तपासलं.

बँकेत राजभाषा अधिकारी होता येईल असं दोन नातेवाइकांनी सुचवलं होतं. जाहिरात नीट वाचली. तिथे हिंदीची पदव्युत्तर पदवी लागते आणि पदवीला इंग्रजी विषय लागतो, किंवा संस्कृतची पदव्युत्तर पदवी आणि पदवीला हिंदी-इंग्रजी. भाषाशास्त्राची एम.ए. त्या चौकटीत बसत नाही. दुसरी सूचना वाचा-उपचाराची होती. मुलांना बोलतं करणं, लकवा झालेल्या माणसाचं बोलणं परत आणणं, हे मला फार मोलाचं वाटत होतं आणि आजही वाटतं. गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमना भेटले. त्यांनी वेळ काढून समजावलं. या व्यवसायासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी बीएएसएलपी हा इंटर्नशिप धरून चार वर्षांचा अभ्यासक्रम. त्याला प्रवेश बारावी विज्ञानानंतर. "तुझा अभ्यास वाया नाही," त्या म्हणाल्या, "आम्हाला मराठीतल्या चाचण्या, शब्दयाद्या लागतातच. पण पेशंट तू घेऊ शकणार नाहीस." बाहेर आले तेव्हा वाईट वाटलं, पण डोकं मोकळं झालं. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी बारावीतच ठरवायला हवं, एम.ए.नंतर नाही.

नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, दिली. भाषाशास्त्राचा विषय क्रमांक ३१. सहायक प्राध्यापक म्हणून पात्र झाले, जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली. पण पात्र होऊन जायचं कुठे? स्वतंत्र भाषाशास्त्र विभाग असलेलं कॉलेज मला नाशिकमध्ये सापडलं नाही. संशोधनात जायचं असेल तर नेट द्यायलाच हवी, जेआरएफ मिळाली तर महिन्याला घरभाडं आणि जेवण सुटण्याइतकी रक्कम मिळते. मला मात्र आधी कमावायचं होतं.

वळण आलं ते एका फोनवरून. कॉलेजातली एक सीनियर हैदराबादेत काम करत होती. तिला मी माझा बायोडेटा पाठवला होता. तिने फोन करून पहिलं वाक्य बोललं ते असं: "भाषाशास्त्र टाकून शोधणं बंद कर. कुणी त्या नावाने माणसं शोधतच नाही. कामाचं नाव टाक."

आणि तिने नावं सांगायला सुरुवात केली. मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. डेटा ॲनोटेशन, म्हणजे यंत्राला शिकवायच्या मजकुरावर खुणा करणं. लँग्वेज एक्स्पर्ट. लँग्वेज लीड. ॲनालिटिकल लिंग्विस्ट. स्पीच डेटा. प्रोननसिएशन लेक्सिकन, म्हणजे उच्चारांचा कोश. लोकलायझेशन, म्हणजे ॲप, संकेतस्थळं स्थानिक भाषेत आणणं. भाषांतराची गुणवत्ता तपासणारे, त्यांना एलक्यूए म्हणतात. टॅक्सॉनॉमी, म्हणजे एखाद्या दुकानाच्या ॲपवर लाखो वस्तूंची वर्गवारी लावणं. चॅटबॉटचे संवाद लिहिणं. सर्चची उत्तरं तपासणं. कोशकार्य. सबटायटल. पान भरलं, मग समासात लिहिलं. त्या रात्री त्यातली सात-आठ नावं 'मराठी' शब्दाच्या जोडीने टाकून शोधली तेव्हा पहिल्यांदा अशा जाहिराती दिसल्या ज्या वाचताना 'हे मला येतं' असं वाटलं. चार महिने त्या तिथेच होत्या. मी चुकीच्या नावाने हाक मारत होते.

वेळही तशी होती. भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प जुलै २०२२मध्ये सुरू झाला, आणि मद्रास आयआयटीतल्या 'एआयफोरभारत'सारख्या गटांनी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी मजकूर आणि आवाज गोळा करायचं मोठं काम हाती घेतलं. याच्या आधीपासूनचीही ठिकाणं आहेत आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असावीत असं मला वाटतं: म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, १९६९ची, मुंबई आयआयटीतलं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र, जिथे मराठी शब्दजाल म्हणजे वर्डनेट, शब्दांचे अर्थसंबंध जोडून दाखवणारा कोश, तयार झालं, हैदराबादच्या ट्रिपल-आयटीतली भाषा तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा, पुण्याची सीडॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था, वाईचं विश्वकोश मंडळ, मुंबईची राज्य मराठी विकास संस्था. यांच्या संकेतस्थळांवर कंत्राटी जागा येतात, सहा महिन्यांच्या, वर्षाच्या. जाहिरातीची मुदत कधी कधी आठ-दहा दिवसांची असते. मी मोबाइलमध्ये दर सोमवार-गुरुवारचा गजर लावून ही पानं उघडायचे. अजून लावते.

सीनियरने दुसरी गोष्ट सांगितली ती बायोडेटाबद्दल. माझ्या बायोडेटात विषयांची नावं आणि गुण होते. ती म्हणाली, स्वनविज्ञानात बाहत्तर मिळाले हे वाचून कुणाला काही कळत नाही. तू काय केलंस ते लिही आणि ते उघडून पाहता येईल असं ठेव. माझ्याकडे ठेवण्यासारखं फारसं काही नव्हतं. कॉलेजातलं क्षेत्रकार्य कोविडमध्ये अर्धंमुर्धं झालेलं.

तेव्हा आठवली आजी. आईची आई, नामपूरकडची, जन्मभर अहिराणी बोललेली. मी लहानपणी सुट्टीत तिथे गेले की महिनाभर अहिराणीत बोलायचे आणि सातपूरला परत आले की शाळेत बोलायला लाजायचे, कारण मुलं चिडवायची. कॉलेजात दोन वर्षं बोलींवर निबंध लिहिले, पण माझ्या घरात एक बोली आहे हे मी कुठेच लिहिलं नव्हतं.

सीबीएसवरून सटाण्याची एसटी पकडली, तिथून नामपूर. जवळ मोबाइल, पंचावन्न रुपयांचा कॉलरला लावायचा माइक आणि स्वदेशची शब्दयादी. ही यादी मॉरिस स्वदेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने केली. डोळा, पाणी, मी, तू, झाड, अग्नी असे रोजचे शब्द, त्यामुळे कुठलीही भाषा तपासायला बरी पडते. पहिल्या दिवशीचं ध्वनिमुद्रण पूर्ण वाया गेलं. डोक्यावर पंखा चालू होता आणि ओट्याजवळचा फ्रीज दर वीस मिनिटांनी घरघरत होता. ऐकताना कानाला जाणवलं नाही, पण संगणकावर पाहिलं तर खालच्या सगळ्या पट्ट्यात राखाडी चिखल. त्याहून मोठी अडचण आजीची होती. माइक लावला की ती ताठ बसायची आणि आकाशवाणीवर बोलावं तसं पुस्तकी मराठी बोलायची. "आजी, तू बोलते तसं बोल ना," म्हटलं तर म्हणायची, "तसं काय रेकॉर्ड करतेस, ते काय शुद्ध आहे का!"

दुसऱ्या दिवशी मी यादी पिशवीत ठेवून दिली. मामांच्या कांदा चाळीत ती आणि मामी कांदे निवडत होत्या. मीही खाली बसले, माइक तिच्या पदराला लावला, आधी विचारून, आणि कांद्यांना हात घातला. थोड्या वेळाने ती माइक विसरली. मामीला मागच्या वर्षीच्या गारपिटीचं सांगायला लागली. मधेच माझ्याकडे वळून म्हणाली, "जेवनी का?" तिथून पुढची बारा मिनिटं अस्सल होती.

त्या बारा मिनिटांवर मी नऊ दिवस काम केलं. 'ईलान' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेने केलेलं. त्यात आवाजाखाली ओळी लावता येतात. मी चार ओळी केल्या: अहिराणी देवनागरीत, उच्चार आयपीए या आंतरराष्ट्रीय उच्चारचिन्हांत, प्रत्येक पदिमाचा म्हणजे शब्दातल्या अर्थपूर्ण तुकड्याचा अर्थ, आणि प्रमाण मराठीतलं भाषांतर. 'डोया', 'शाया', 'काया'. आपल्या 'ळ'च्या जागी 'य'. हे पुस्तकात वाचलं होतं, पण 'प्राट' या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आवाज उघडला आणि समोर दिसलं. मी स्वतः 'डोळा' म्हणून पाहिलं, तर 'ळ'पाशी तिसरा फॉर्मंट, म्हणजे त्या चित्रातला खालून तिसरा गडद पट्टा, खाली झुकतो, जीभ मागे वळल्याची ती खूण. आजीच्या 'डोया'त तसं काहीच नाही. दुसरा फॉर्मंट वर चढतो आणि अलगद 'आ'कडे उतरतो. ऐंशीच्या पुढची माझी आजी आणि पडद्यावरची ती वर चढणारी काळी रेघ. मी आईला हाक मारून दाखवली. आईने पदराने हात पुसत पडद्याजवळ वाकून विचारलं, "हा मायचा आवाज?"

हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलं. चार पानी टिपण लिहिलं: ध्वनिमुद्रण कसं केलं, काय चुकलं, परवानगी कशी घेतली, 'ळ-य'ची एकोणीस उदाहरणं, 'शे' (आहे), 'माले' (मला), 'करी ऱ्हायनी' (करते आहे) अशा रूपांचा तक्ता. बायोडेटात सगळ्यात वर याची लिंक टाकली. विषय-गुण काढून टाकले.

दोन महिन्यांत चार ठिकाणांहून उत्तरं आली. आधीच्या सहा महिन्यांत एक आलं होतं.

त्यातल्या एका पुण्याच्या कंपनीची चाचणी मला अजून जशीच्या तशी आठवते. त्यांचं यंत्र मराठी मजकूर मोठ्याने वाचायचं. त्यांनी दीडशे शब्द दिले आणि प्रत्येकाचा उच्चार चिन्हांत लिहायला सांगितला. वरवर पाहता काहीच नाही, देवनागरी तर जशी लिहितो तशीच वाचतो असं आपण म्हणतो. पण यादी करणाऱ्याने फार विचार केला होता. 'जग' हा शब्द दोनदा होता, एकदा 'जग फिरून आला', एकदा 'तू सुखाने जग'. लिपीत एकच, तोंडात दोन. 'चमचा'मधला पहिला 'च' आणि दुसरा 'च' एक नाहीत. 'कमळ' म्हणताना 'म'मधला 'अ' उच्चारतो, 'कमळाला' म्हणताना तो गळतो. आणि अनुस्वार! 'संत'मध्ये तो 'न', 'अंबा'मध्ये 'म', 'अंगण'मध्ये 'ङ', आणि 'संवाद'मध्ये नाकातून निघालेला 'व'. एका टिंबाला चार आवाज. यंत्राला हे नियम कोणीतरी लिहून द्यावे लागतात, आणि नियम जिथे पुरत नाहीत तिथे शब्द एकेक करून नोंदवावे लागतात. मी शब्दांसोबत एक पान जोडलं, कुठे नियम चालेल आणि कुठे यादी लागेल. त्यांनी ते मागितलं नव्हतं. मुलाखतीत सुरुवातच त्या पानावरून झाली.

मुलाखतीत एकाने विचारलं, "अहिराणी ही मराठीची बोली आहे की वेगळी भाषा? एका शब्दात सांगा." मी म्हणाले, एका शब्दात येणार नाही. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड सातवा, १९०५चा. पण खानदेशी, जिच्यात अहिराणी येते, ती त्याने तिथे न घालता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ल भाषांच्या सोबत ठेवली, १९०७मध्ये. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीखाली नाही, वेगळी मोजलेली आहे आणि तिचे बोलणारे अठरा लाखांच्या वर आहेत. माझी आजी मात्र स्वतःला मराठीच म्हणवते. तुमच्या यंत्रासाठी खरा प्रश्न वेगळा आहे, मराठीवर शिकलेल्या यंत्राला आजीचं बोलणं कळेल का. ते मी त्यांच्यासमोरच मोबाइलवर लावून दाखवलं. यंत्राने 'डोया'चं 'दोघा' केलं.

इंटर्नशिप मिळाली. सहा महिने, महिन्याला बारा हजार, घरून काम आणि महिन्यातून दोनदा पुण्याला. नाशिकहून पुण्याला थेट सोयीची रेल्वे नसल्यामुळे सिन्नर-संगमनेर-चाकण करत एसटीचे पाच-सहा तास. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, ते माझ्या खिशाला फार मोठं होतं.

तिथे जे काम केलं त्यातलं एक सविस्तर सांगते, कारण 'भाषाशास्त्रज्ञ कंपनीत करतो काय' याचं उत्तर त्यात आहे. वाक्यांतली नावं ओळखून त्यांवर खूण करायची होती: व्यक्ती, ठिकाण, संस्था, इतर. तीन जण तीच वाक्यं वेगवेगळी तपासायचे. काम सोपं वाटतं. मग वाक्य येतं, 'मी सकाळी पंचवटीने मुंबईला गेलो.' पंचवटी हे ठिकाण? इथे ती एक्स्प्रेस आहे. 'पंचवटीत पाणी आलं', इथे ठिकाण. 'गोदावरीला भेटलो', नदी की बाई? 'नाशिकची द्राक्षं'मध्ये नाशिक ठिकाण म्हणायचं की द्राक्षांच्या नावाचा भाग? आम्हा तिघांची उत्तरं जुळत नव्हती. हे जुळणं मोजायला कप्पा नावाचं माप आहे, जेकब कोहेनने १९६०मध्ये मांडलेलं, नुसत्या योगायोगाने जुळलेलं ते वजा करतं. दोघादोघांच्या जोड्या लावून सरासरी काढली तर आमचा कप्पा ०.५८ आला. मला वाटलं आता ओरडा बसेल. पण आमच्या मॅडम म्हणाल्या, माणसं चुकलेली नाहीत, सूचना अपुऱ्या आहेत, त्या तू लिही. मी विभक्तीच्या प्रत्ययांवरून सुरुवात केली. 'ने' लागलाय आणि क्रियापद प्रवासाचं असेल तर आधी वाहनाचा विचार करा, 'त' लागलाय तर ठिकाणाचा. अकरा पानांच्या सूचना, प्रत्येकीला तीन उदाहरणं आणि एक फसवं उदाहरण. पुढच्या फेरीत कप्पा ०.८१. एम.ए.च्या पहिल्या सत्रात कारकविचार, म्हणजे नामाचा क्रियापदाशी कोणता संबंध आहे ते, शिकताना हा कुठे उपयोगी पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

काय कमी पडलं तेही सांगते. संगणक. मला एक्सेलमध्ये बेरीज येत होती, बस. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातून ठरावीक नमुन्याचे शब्द शोधायची पद्धत, आणि थोडं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मी इंटर्नशिपच्या काळात रात्री शिकले. एम.ए. करतानाच रोज अर्धा तास दिला असता तर अकरा महिन्यांचे सहा झाले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. प्रोग्रामर व्हायची गरज नाही. दहा हजार वाक्यांतून 'ने'ने संपणारी सगळी नामं बाहेर काढता आली पाहिजेत, एवढंच.

सरावासाठी भाषिणीचं 'भाषादान' आणि मोझिलाचं 'कॉमन व्हॉइस' दोन्हीकडे मराठी आहे. तिथे आवाज देता येतो, दुसऱ्यांचा तपासता येतो. पैसे मिळत नाहीत. पण पन्नास वाक्यं तपासली की असल्या कामात काय काय चुकतं हे कळतं, आणि मुलाखतीत ते सांगता येतं.

इंटर्नशिप संपल्यावर तिथेच वर्षाच्या करारावर घेतलं, मग करार वाढला. पगार पप्पांच्या बरोबरीला आला त्या महिन्यात त्यांनी माझ्या कामाबद्दल शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं: "मशीनला मराठी शिकवते." दोन वर्षांत कामाचं रूपही बदललंय. साधं भाषांतर आणि साध्या खुणा आता यंत्रच आधी करतं, त्यांचे दर उतरलेत, आणि फक्त त्यावर विसंबलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना त्याची झळ बसली आहे. यंत्राने लिहिलेलं मराठी तपासायचं, कुठे चुकलं आणि का चुकलं ते लिहायचं, हे काम वाढलंय. 'का'चं उत्तर द्यायला व्याकरण लागतं.

महिन्यातल्या एका रविवारी मी सातपूरच्या एका अभ्यासिकेत बसते. पाच-सहा जण येतात, बी.ए.ची, एम.ए. मराठीची. मागच्या वेळी सुरगाण्याची एक मुलगी आली होती, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची. बायोडेट्याचा कागद पुढे केला. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. मी विचारलं, घरी काय बोलता? ती जरा थांबली. "कोकणा. पण ते लिहायचं असतं का ताई?"

कागदावर तिच्याच पेनाने चौथी भाषा लिहिली. खाली एक ओळ मोकळी सोडली, कोकणा-मराठी, पंधरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, लिप्यंतर आणि भाषांतर यासाठी. अजून व्हायचंय. तिचे आजोबा गोष्टी सांगतात म्हणे. सध्या नागलीची लावणी चालू आहे, त्यामुळे ते संध्याकाळीच मोकळे सापडतील. शनिवारी दुपारच्या एसटीने आम्ही दोघी निघतोय. तिच्या घरी फ्रीज नाही, पंखा आहे. तो बंद करू म्हणाली.